सुटलेली गाठ फेकू नका: जुना बेलर दुरुस्त करायला शिकताना

जुना चौकोनी बेलर, म्हणजे सुकलेल्या गवताचे गठ्ठे बांधणारं ट्रॅक्टरमागचं मशीन, पहिल्यांदा शेतात नेला त्या दिवशी मी अकरा गठ्ठे काढले आणि त्यातले सात मागच्या मागे उसवले. सातही वेळा उजवीकडचीच सुतळी सुटली होती. एवढा धडधडीत पुरावा समोर पडलेला असताना मी काय केलं, तर पाना घेतला आणि नॉटरवरचे (सुतळीची गाठ मारणाऱ्या भागावरचे) हाताला लागतील ते नट थोडे थोडे पिळले. दुपारपर्यंत डावी बाजूही सुटायला लागली. खरं कारण सापडलं ते सुतळीच्या पेटीत. उजव्या सुतळीला ताण देणाऱ्या पट्टीखाली भुसा साचला होता, पट्टी उघडी राहिली होती आणि सुतळी सैल येत होती. बोटाने भुसा काढायला दहा सेकंद लागले. पिळलेले नट मूळ जागी आणायला दोन दिवस गेले.

त्यामुळे इथे जो क्रम देतोय तो मॅन्युअलच्या अनुक्रमणिकेचा नाही. आधी आपला जीव, मग गवत, मग सुतळी, मग सुटलेला गठ्ठा, आणि पाना सगळ्यात शेवटी. लेख लहान चौकोनी गठ्ठे सुतळीने बांधणाऱ्या बेलरबद्दल आहे. गोल गठ्ठ्यांच्या मशीनचं दुखणं वेगळं असतं.

आधी किल्ली खिशात

पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाचा जोर शाफ्टमधून बेलरला देणारा फिरता दांडा, मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. सैल बाही शाफ्टमध्ये गेली तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर फुटलेलं किंवा गायब असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते बसवा. जुन्या मशीनवर ते हमखास नसतं आणि विकणारा म्हणतो, "कशाला लागतंय?" लागतं.

बेलरचा दुसरा धोका नवख्याला माहीत नसतो. पीटीओ बंद केला तरी फ्लायव्हील, म्हणजे बेलरचं जड चाक, आपल्या वजनावर फिरत राहतं आणि त्याच्यासोबत प्लंजरही, म्हणजे चेंबरमध्ये (गठ्ठा तयार होतो त्या खोक्यात) पुढे-मागे होऊन गवत दाबणारा भाग, चालू राहतो. म्हणून दर वेळी पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि फ्लायव्हील थांबलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. फ्लायव्हील हाताने फिरवून तपासणी करायची असेल तर शाफ्ट ट्रॅक्टरपासून सोडवून ठेवा. सोबतीला कोणी असेल तर फिरवणाऱ्याने आधी मोठ्याने सांगायचं आणि समोरच्याचे दोन्ही हात दिसेपर्यंत चाकाला हात लावायचा नाही. हाताने फिरवलं तरी सुतळी नॉटरपर्यंत नेणाऱ्या सुया वर येतात आणि प्लंजरचं पातं कापतं.

पिकअपमध्ये, म्हणजे जमिनीवरून गवत उचलणाऱ्या दातांच्या भागात, गवत अडकलं आणि मशीन चालू असेल तर ते ओढू नका. बेलरवर बोटं आणि हात गमावलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी "फक्त एवढंच ओढतो" असंच म्हटलं असणार.

बेलर बिघडलाय की गवत?

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. ओलं गवत जड असतं. ते प्लंजरवर ताण आणतं, पात्यात चेंगरतं, शिअर बोल्ट (जोर अडला की आधी तुटणारा बोल्ट) तोडतं आणि घट्ट गठ्ठ्यात सुतळीही तोडतं. फार कोरडं झालं की उलट होतं. पानं झडतात, गवत चेंबरमध्ये निसटतं, गठ्ठा सैल येतो.

लहान चौकोनी गठ्ठ्यांसाठी ओलावा साधारण 15 ते 18 टक्के असावा. 20 च्या वर गेलं की बुरशी आणि गठ्ठा तापणं दोन्हीची भीती. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर उत्तम, नसेल तर जाड काडी घ्या आणि नखाने खरवडा. साल निघून येत असेल तर गवत अजून ओलं आहे. काचेच्या कोरड्या बरणीत बारीक चिरलेलं मूठभर गवत आणि चमचाभर कोरडं मीठ घालून मिनिटभर हलवायची जुनी युक्तीही चालते. मिठाचे गोळे झाले तर थांबा. मात्र काडी शेतात लावलेल्या गवताच्या ओळीच्या तळातून घ्या. वरचं गवत नेहमीच खोटं बोलतं.

ओलं बांधलं गेलंच तर ते गठ्ठे गोदामात रचू नका. आत गेलेली गंजी पुढचे काही आठवडे तपासत राहावी लागते. आतलं तापमान 65 अंश सेल्सिअसवर गेलं तर धोक्याची घंटा समजा. 80 च्या आसपास ते कधीही पेट घेऊ शकतं, आणि तेव्हा गठ्ठे ओढून काढायला आत जाणं म्हणजे आगीला हवा देणं. त्या वेळी अग्निशमन दलालाच बोलवा.

ओळही बघून घ्या. कुठे गुडघाभर ढीग आणि कुठे चार काड्या अशी ओळ असेल तर जगातला कुठलाही नॉटर एकसारखे गठ्ठे देणार नाही. पीटीओचे फेरे पूर्ण 540 वर आणि ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये, हा नियम. नवखा माणूस उलटं करतो: मशीनची भीती वाटते म्हणून इंजिन कमी ठेवतो. मग प्लंजरचे फटके कमी पडतात आणि एकेका फटक्यात जास्त गवत कोंबलं जातं.

सुतळीचा रस्ता

गोळ्यापासून सुईच्या टोकापर्यंत सुतळीवर बोट फिरवत जा. ती प्रत्येक कडीतून गेली आहे का, ताण देणारी पट्टी साफ आहे का, दोन सुतळ्या एकमेकींना कुठे घासत नाहीत ना, हे बघा. कड्यांमध्ये सुतळीने खाचा पाडलेल्या असतात. अशी खाच धारदार झाली की ती सुतळी सोलते. चिनी मातीच्या कडीला तडा गेला असेल तर नुसत्या डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो.

सुतळी गोळ्याच्या आतून ओढायची. एका गोळ्याचं बाहेरचं टोक पुढच्या गोळ्याच्या आतल्या टोकाला बांधायचं आणि गाठीच्या शेपट्या छोट्या कापायच्या, नाहीतर ती गाठ सुईच्या भोकात अडकते. सिसल म्हणजे घायपाताच्या सुतळीला साधी चौकोनी गाठ पुरते. प्लास्टिकच्या सुतळीला ती घसरते, तिला जास्त वेढ्यांची गाठ लागते. घायपाताकडून प्लास्टिककडे किंवा एका जाडीकडून दुसऱ्या जाडीकडे जाताना नॉटरची मापं पुन्हा लावावी लागतात, हे विसरून अनेक जण चांगल्या मशीनला शिव्या घालतात. गेल्या वर्षी कुठली सुतळी चालली होती हे आधीच्या मालकाला विचारा आणि पहिल्या हंगामात तीच वापरा.

एक फेरी हाताने

शेतात जाण्याआधी अंगणात, सपाट जागेवर, एक पूर्ण गाठ हाताने बांधून बघा. बेलर समजून घ्यायचा याहून चांगला धडा नाही.

1. शाफ्ट सोडवा. चेंबर रिकामं करा. सुतळी ओवलेली असू द्या.
2. लांबी मोजणारा दांडा हाताने सोडा, म्हणजे मशीनला वाटेल गठ्ठा पूर्ण झाला.
3. फ्लायव्हील नेहमीच्या दिशेनेच, हळूहळू फिरवा. दिशेचा बाण रंगाखाली गेला असेल तर खडूने नवा काढा.
4. सुया वर येतील. त्यांनी चेंबरच्या कडेला किंवा प्लंजरला घासता कामा नये. अडखळलं तर जोर लावू नका, तिथेच थांबून बघा.
5. नॉटरवर नजर ठेवा आणि फ्लायव्हील अगदी इंचाइंचाने पुढे न्या.

पाचव्या पायरीवर जे घडतं ते डोळ्यांत साठवून घ्या, कारण शेतात हे सगळं एका सेकंदाच्या आत उरकतं. नॉटरमध्ये खाचा असलेली एक चकती असते. आधीच्या गाठीनंतर उरलेलं सुतळीचं टोक ती चिमटीत धरून बसलेली असते. ही जुनी सुतळी. सुई वर येते ती गठ्ठ्याच्या खालून नवी सुतळी घेऊन. एक बोटासारखा भाग ती सुतळी ओढून योग्य जागी आणतो, चकती फिरते आणि तिलाही धरते. आता दोन्ही सुतळ्या बिलहूकवर शेजारी शेजारी असतात. बिलहूक म्हणजे पक्ष्याच्या चोचीसारखा आकडा. तो स्वतःभोवती एक फेरी घेतो, सुतळ्यांचा फास स्वतःवर गुंडाळतो, चोच उघडतो आणि दोन्ही सुतळ्या चोचीत पकडतो. लगेच पातं येऊन सुतळ्या कापतं आणि पातं ज्या दांड्यावर असतं त्याचा पुढचा भाग चोचीला घासत जाऊन फास खाली ढकलतो. चोचीत धरलेली टोकं फासातून आत ओढली जातात आणि गाठ बसते.

धान्याच्या पेंढ्या बांधणाऱ्या यंत्रासाठी जॉन अ‍ॅपलबी यांनी 1870 च्या दशकात ही चोच यशस्वी केली. एडविन नोल्ट यांचा स्वतः सुतळी बांधणारा बेलर आणि 1940 च्या सुमारास न्यू हॉलंडने बाजारात आणलेली मशीनं ही त्यानंतरची. मूळ युक्ती अजून तीच आहे. म्हणून तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल मिळेपर्यंत दुसऱ्याच मॉडेलचं चित्र बघूनही गाठ समजते. मापं मात्र आपल्याच मॅन्युअलमधली घ्यायची.

सुटलेली गाठ वाचायची

सुटलेल्या गठ्ठ्याची दोन्ही टोकं कापून खिशात ठेवा, डावी-उजवी वेगळी. जमल्यास तीन गठ्ठ्यांची. एकाच बाजूला, एकाच तऱ्हेने सुटत असेल तर तो नॉटरचा किंवा त्या सुतळीच्या रस्त्याचा दोष. कधी ही बाजू, कधी ती असं होत असेल तर गवत, वेग किंवा मशीनमधलं दोन्ही बाजूंना सामाईक काही बघा.

दोन टोकं ओळखायची कशी? गठ्ठ्याच्या वरच्या पाठीवरून येते ती जुनी, चकतीत धरलेली सुतळी. शेवटच्या उभ्या तोंडावरून खालून वर येते ती सुईची.

गाठ फक्त जुन्या सुतळीच्या टोकाला असेल आणि सुईचं टोक मोकळं, तर सुईची सुतळी चोचीपर्यंत पोचलीच नाही. सुतळी सैल येतेय, सुई वाकली आहे किंवा ते ओढून आणणारं बोट कमी पडतंय. माझ्या सातही गठ्ठ्यांवर हेच होतं, आणि मी मात्र चोचीचा स्प्रिंग आवळत बसलो होतो.

गाठ फक्त सुईच्या टोकाला असेल तर जुनी सुतळी वेळेआधी चकतीतून निसटली. चकतीची पकड सैल आहे. नट घट्ट करायचा, पण एका वेळी पाव फेरा. जास्त आवळलं तर चकती सुतळी कुरतडते. त्याची खूण म्हणजे टोक कापल्यासारखं सरळ नसतं, केरसुणीसारखं पिंजलेलं असतं. टोक पिंजलेलं दिसलं तर पातंही बोथट नाही ना, ते बघा.

दोन्ही टोकांना गाठ नाही, पण सुतळीला कुरळा पीळ पडलाय, म्हणजे फास तयार झाला होता आणि चोचीने टोकं धरून ठेवली नाहीत. चोचीच्या जिभेवरचा स्प्रिंग सैल आहे किंवा जीभ झिजली आहे.

गाठ पूर्ण बांधली जाते पण चोचीवरच लटकून राहते आणि तिथेच तुटते, हा प्रकार जुन्या मशीनवर सगळ्यात जास्त. कारणं तीन-चार असतात आणि ती याच क्रमाने तपासा. चोच गंजलेली, खडबडीत आहे का? हिवाळाभर उभ्या राहिलेल्या मशीनचे पहिले काही गठ्ठे याच कारणाने सुटतात. अगदी बारीक पॉलिश पेपरने चोच काचेसारखी गुळगुळीत करा, कानस लावू नका. मग गाठ ढकलणारा दांडा चोचीला नीट घासून जातोय का बघा. चोचीवर मार्करने रेघ मारून हाताने एक फेरी घ्या, रेघ पुसली गेली पाहिजे. त्यानंतर जिभेचा स्प्रिंग, तो फार घट्ट असला तरी गाठ सुटून येत नाही. आणि शेवटी गठ्ठ्याचा घट्टपणा. सैल गठ्ठा सुतळीला ओढतच नाही, मग गाठ चोचीवरून उतरणार कशी?

गाठ शाबूत पण सुतळी भलतीकडेच तुटली असेल तर नॉटरला बोल लावू नका. गठ्ठा फार घट्ट आहे, सुतळी जुनी किंवा उंदरांनी कुरतडलेली आहे किंवा चेंबरमध्ये कुठेतरी पत्र्याची कड वर आली आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदला. बदलण्याआधी नटाच्या बाहेर आटे किती दिसतात ते मोजून लिहून ठेवा किंवा फोटो काढा. दोन गोष्टी एकदम बदलून गाठ बसली तर पुढच्या वर्षी पुन्हा शून्यावर.

शिअर बोल्ट सारखा तुटतो

शिअर बोल्ट हा मुद्दाम अशक्त ठेवलेला बोल्ट. फ्लायव्हीलकडून येणारा जोर कुठेतरी अडला की तो स्वतः तुटतो आणि गिअरबॉक्स, प्लंजर, सुया वाचवतो. कंटाळून त्याच्या जागी कडक बोल्ट घातला की पुढच्या वेळी सुई किंवा गिअर तुटतो. मॅन्युअलमध्ये दिलेला दर्जा आणि माप तेच हवं. चार-पाच बोल्ट मशीनवरच्या डबीत ठेवा.

तुटला *कधी*, यावर लक्ष ठेवा. पीटीओ लावताक्षणी तुटत असेल तर इंजिनचे फेरे जास्त ठेवून झटक्यात लावताय, किंवा चेंबर आधीच गवताने दाबलेलं आहे. ढिगाऱ्यावर गेल्यावर तुटत असेल तर वेग कमी करा. वरचेवर, साध्या ओळीतही तुटत असेल तर प्लंजरच्या पात्याची धार आणि चेंबरच्या कडेला बसवलेल्या स्थिर पात्याशी त्याची फट बघा. ही फट पोस्टकार्डाच्या जाडीच्या आसपास असते. पातं बोथट झालं की गवत कापलं न जाता दोन्हींच्या मध्ये चेंगरतं. अशा गठ्ठ्याची एक बाजू झिपऱ्या सोडल्यासारखी दिसते, बोल्ट न मोजताही कळतं. हे काम करताना फ्लायव्हील अडवून ठेवा. प्लंजर जराही सरकला तरी बोट जातं.

नेमका गाठ बांधायच्या वेळी तुटत असेल तर शेतातलं काम तिथेच थांबवा. सुया चेंबरमध्ये असताना प्लंजर त्यांच्यावर आदळू नये म्हणून बहुतेक मशीनमध्ये एक अडसर आत येतो, आणि तो आत आला की बोल्ट तुटतो. म्हणजे सुया आणि प्लंजरची वेळ जुळत नाहीये, किंवा सुयांचा ब्रेक ढिला आहे आणि त्या आपोआप आत तरंगतायत. नवा बोल्ट घालून "एकदा बघू" करण्याची ही वेळ नव्हे. मॅन्युअल उघडा किंवा जाणकाराला बोलवा. ही एकच दुरुस्ती मी आजही एकट्याने करत नाही.

केळ्यासारखे गठ्ठे

वाकडा गठ्ठा म्हणजे चेंबरच्या एका बाजूला गवत जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. पातळ ओळीवर ते पिकअपच्या जवळच्या बाजूलाच पडून राहतं, म्हणून आधी ओळ जाड करून बघा. तरी वाकडे येत असतील तर गवत आत ढकलणाऱ्या काट्यांची पोच बदलायची सोय असते: लांबची बाजू पोकळ असेल तर काटे आणखी आत जातील असं लावा. मागचे ताणाचे दोन स्क्रू सारखे फिरवलेत का, हेही बघा.

गठ्ठ्यांची लांबी कमी-जास्त होत असेल तर गठ्ठा उघडून त्याच्या चकत्या मोजा. प्लंजरच्या एका फटक्याची एक चकती. एका गठ्ठ्यात सहा आणि दुसऱ्यात सोळा असतील तर दोष गवत घालण्याचा. चकत्या सारख्या आणि लांबी वेगळी, तर लांबी मोजणारं दातेरी चाक घसरतंय. त्याचे दात बोथट झाले असतील, किंवा कोणीतरी प्रेमाने मोजणीच्या दांड्याला ग्रीस लावलं असेल. तो दांडा घर्षणावर चालतो. तिथलं ग्रीस पुसून काढा.

चेंबरच्या भिंतीत स्प्रिंगवरचे छोटे खुंट असतात, प्लंजर मागे गेला की गवत मागे येऊ नये म्हणून. ते गंजून आतच अडकले की गवत फुगून सुयांच्या वाटेत येतं आणि तुम्ही आठवडाभर नॉटर तपासत बसता. बोटाने दाबून सोडा, टक्कन बाहेर आले पाहिजेत.

पिकअपबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तुटलेले दात बदला, दात जमिनीला न लागता दोन-तीन बोटं वर ठेवा, पट्टा सैल असेल तर आवळा. दात माती उकरायला लागले की गवतात माती जाते आणि पात्याची धार त्याच दिवशी जाते.

ग्रीस, भुसा आणि हंगामाचा शेवट

नॉटरवरचा भुसा रोज ब्रशने किंवा हवेने साफ करा आणि मगच ग्रीस द्या. भुशावर ग्रीस दिलं तर त्याचा लगदा होऊन तो बेअरिंगमध्ये जातो. जुन्या मशीनचे अर्धे निप्पल (ग्रीस भरायची तोंडं) रंगाखाली किंवा मातीखाली लपलेले असतात. पहिल्या दिवशी मॅन्युअलमधल्या यादीप्रमाणे मोजून सगळे शोधा आणि त्यांना भडक रंगाचा ठिपका द्या. अर्ध्या तासाच्या कामानंतर थांबून बेअरिंगच्या जवळ हाताचा मागचा भाग न्या, टेकवू नका. एखाद्याची धग जास्त लागली तर ते आजच बघायचं आहे. कोरडा भुसा आणि तापलेलं बेअरिंग शेजारी असतात, म्हणून ट्रॅक्टरवर अग्निशामक नळकांडं ठेवा.

शेवटचा गठ्ठा झाला की चेंबर रिकामं करा. आत राहिलेलं गवत ओल धरतं आणि चेंबरच्या भिंती गंजतात. मागचे ताणाचे स्प्रिंग सैल सोडा. चोच, चकती आणि पात्यावर ग्रीसचा पातळ थर द्या, आणि सुरू करण्याआधी तो पुसायचा आहे अशी चिठ्ठी नॉटरच्या झाकणाला बांधा. माझ्या चिठ्ठीवर आणखी एक ओळ असते, दर वर्षी तीच: "उजवी पट्टी, भुसा."